खेपा मोजा

सकाळी पावणेसातला मामांचा फोन आला. मामा सांगली जिल्ह्यातल्या एका गावात दोन म्हशी आणि एक गाय सांभाळतात. रोज सातच्या आत डेअरीवर दूध घालून येतात. त्या दिवशी ते किटली घेऊन रांगेत उभे होते.

"काय रं, ती तुमची मशीन नुसतीच फिराय लागलीया. सचिव म्हणतोय पुण्याचा सर्व्हर झोपलाय. तू पुण्यातच हाईस न्हवं?"

मी पुण्यातच होतो. सर्व्हर झोपला नव्हता, उलट बिचारा मरेस्तोवर राबत होता. त्याला तसं राबवणारा कोड मी लिहिला होता. पण हे मी मामांना सांगितलं नाही. "नेटचा प्रॉब्लेम असेल मामा, होईल पाच मिनिटांत," असं म्हणालो.

ते खोटं होतं. आमच्या धंद्यात हे खोटं रोज बोललं जातं आणि ऐकणारा ते रोज खरं मानतो. तुमच्या फोनवर गोल चक्र फिरत राहतं तेव्हा तुम्ही नेटला शिव्या घालता, फोन जुना झाला म्हणता, ॲप काढून परत टाकता. पुष्कळदा दोष तुमच्या फोनचा नसतोच. तो माझ्यासारख्या कोणीतरी लिहिलेल्या चार ओळींचा असतो. आणि त्या चार ओळी गावात पोचण्याआधीच पकडता आल्या असत्या. आपण त्या पकडत नाही, कारण न पकडण्याची किंमत आपल्याला मोजावी लागत नाही. हा लेख त्याबद्दलच्या भांडणाचा आहे.

आधी काय झालं ते सांगतो.

मी तेव्हा ज्या कंपनीत होतो तिने दूध संकलन केंद्रांसाठी एक वेब ॲप्लिकेशन केलं होतं. केंद्रावरचा माणूस एक पान उघडतो. त्यावर सगळ्या सभासदांची यादी असते. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं शेवटचं संकलन, म्हणजे किती लिटर, किती फॅट, आणि त्याच्याकडे बाकी असलेली उचल. एकाचं दूध घेतलं, नोंद केली, की पान परत ताजं होतं. ते पान मी लिहिलं, पायथॉनमधल्या जँगो या फ्रेमवर्कमध्ये.

मी लिहिलेला कोड वाचायला छान होता. सभासदांची यादी आण. यादीतल्या प्रत्येक सभासदासाठी त्याचं शेवटचं संकलन दाखव. त्याची बाकी उचल दाखव. मराठीत वाचल्यासारखं वाचता येतं. गोची अशी, की "त्याचं शेवटचं संकलन" हे तीन शब्द जिथे येतात तिथे फ्रेमवर्क गुपचूप डेटाबेसकडे एक खेप मारतं. उचलीसाठी अजून एक.

याला आमच्याकडे एन प्लस वन म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी. पंगत बसली आहे. वाढप्याने जिलेबीचं ताट भरून आणावं आणि ओळीने वाढत जावं. त्याऐवजी तो एका पानासाठी स्वयंपाकघरात जातो, एक जिलेबी आणतो, वाढतो, परत आत जातो. पंगतीत चार माणसं असतील तर हे कोणाच्या लक्षातही येत नाही. चारशे असतील तर शेवटच्या माणसाचा भात गार होतो आणि आचारी दाराशी आडवा होतो.

मामांच्या गावच्या केंद्रात ४१२ सभासद होते. हिशेब करू. लॉगिन तपासायला २ खेपा, यादीसाठी १, मग प्रत्येक सभासदामागे २. म्हणजे २ अधिक १ अधिक ८२४. एकदा पान उघडलं की ८२७ खेपा. सकाळी ३०० जणांनी दूध घातलं तर पान ३०० वेळा ताजं होणार. एका गावातून, एका सकाळी, २,४८,१०० खेपा.

माझ्या लॅपटॉपवर हे दिसलं नाही, कारण माझ्या लॅपटॉपवर दहा सभासद होते. त्यांची नावंही मी 'टेस्ट १', 'टेस्ट २' अशी ठेवली होती. डेटाबेस त्याच लॅपटॉपवर, त्यामुळे एक खेप म्हणजे चुटकीसरशी. पान झटकन उघडायचं. डेमोला सगळ्यांनी माना डोलावल्या.

खऱ्या जागी डेटाबेस वेगळ्या मशीनवर होता. तिथे एका खेपेला ३ मिलिसेकंद धरा. ८२७ खेपांना जवळपास अडीच सेकंद. डेटाबेसची २० कनेक्शनं होती आणि प्रत्येक कनेक्शन अडीच सेकंद अडकून पडत होतं, म्हणजे सेकंदाला फार तर ८ पानं. आता केंद्रं बघा. सगळी केंद्रं साधारण सारखीच धरली आणि एकाचं दूध घ्यायला २० सेकंद लागतात असं मानलं, तर १५० केंद्रांकडून सेकंदाला साडेसात मागण्या येतात. आठच्या आत. चाललं होतं. त्या आठवड्यात २० नवी केंद्रं जोडली गेली. १७० केंद्रं, सेकंदाला साडेआठ मागण्या. आठाच्या भांड्यात साडेआठ ओतलं की काय होतं ते डेअरीवाल्यांना सांगावं लागत नाही. रांग वाढत गेली, चक्र फिरत राहिलं, माणसं वैतागून परत परत रिफ्रेश दाबत राहिली आणि प्रत्येक रिफ्रेशने अजून ८२७ खेपा मागितल्या.

सचिवांनी शेवटी वही काढली. तोवर तास गेला होता. उन्हाळ्यात एक तास म्हणजे दुधाच्या दृष्टीने काय, हे मी इथे लिहीत बसत नाही.

आता भांडण.

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही सर्व्हर मोठा केला. डेटाबेसची कनेक्शनं वाढवली. रात्री दोनपर्यंत सात जण कॉलवर होते. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने ग्रुपवर सगळ्यांचं कौतुक केलं, पिझ्झा आला. मला 'ओनरशिप' दाखवल्याबद्दल शाबासकी मिळाली. आग लावणाऱ्यालाच अग्निशमनाचं पदक. आणि कोणीही, मीसुद्धा, हा प्रश्न विचारला नाही की हा कोड आत आलाच कसा.

तो आला कारण त्याला अडवणारं काही नव्हतं. आमच्याकडे टेस्ट होत्या. साडेतीनशेच्या वर होत्या. पान उघडतं का, नाव बरोबर दिसतं का, फॅटचा आकडा बरोबर येतो का, दुसऱ्या केंद्राचा माणूस डोकावू शकतो का. सगळ्या हिरव्या. एकही टेस्ट हे विचारत नव्हती, की हे उत्तर आणायला तू किती खेपा मारल्यास.

आणि हे विचारणं अवघड आहे म्हणून विचारलं जात नाही, असं अजिबात नाही. जँगोमध्ये क्वेरी मोजणारी असर्ट नम क्वेरीज नावाची सोय २०११ च्या १.३ आवृत्तीपासून आहे. तेव्हा मी शाळेत होतो. रेल्सवाल्यांकडे बुलेट नावाचं साधन आहे, ते अशी खेप दिसली की ओरडतं. २०२० च्या शेवटी आलेल्या रेल्स ६.१ मध्ये तर स्ट्रिक्ट लोडिंग आलं: न सांगता मारलेली खेप सरळ एरर देते. लाराव्हेलमध्येही तशी बंदी घालता येते. हत्यारं कोपऱ्यात पडून आहेत. आपण उचलत नाही.

टेस्ट कशी लिहायची ते सांगतो, कोड न दाखवता. दोन सभासद तयार करा. प्रत्येकाला स्वतःचं संकलन द्या, स्वतःची उचल द्या. पान उघडा, खेपा मोजा. मग अजून दहा सभासद तयार करा, तसेच. परत पान उघडा, परत मोजा. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. नाही आले तर टेस्ट लाल. बस.

यात वेग कुठेही मोजलेला नाही, हे लक्षात घ्या. सेकंद मोजणाऱ्या टेस्ट भरवशाच्या नसतात. मशीनवर दुसरं काम चालू असलं की त्या उगाच लाल होतात आणि चार दिवसांनी लोक त्यांच्याकडे बघायचं सोडून देतात. खेपांची संख्या मात्र मशीनच्या मूडवर अवलंबून नसते. ती आज १२ आली तर उद्याही १२ येईल. आणि दोन आकड्यांची तुलना केल्याने अजून एक भांडण मिटतं. लोक म्हणतात, अशा टेस्ट ठिसूळ असतात, पानावर एक नवीन गोष्ट टाकली की ७ च्या ८ होतात आणि टेस्ट मोडते. मान्य. म्हणून ७ लिहूच नका. पंगत वाढली म्हणून खेपा वाढल्या नाहीत, एवढंच तपासा.

एक सभासद घेऊन मात्र ही टेस्ट लिहू नका. एकाच माणसाच्या पंगतीत शहाणा वाढपी आणि वेडा वाढपी सारख्याच खेपा मारतात.

आता आक्षेप. ते मी सगळे ऐकलेत, काही स्वतः घेतलेत.

पहिला आणि सगळ्यात विद्वान आक्षेप: घाईचं ऑप्टिमायझेशन हे सगळ्या पापांचं मूळ आहे, असं डोनाल्ड क्नुथ म्हणून गेलेत. हे वाक्य तोंडावर फेकणाऱ्यांपैकी कितींनी तो १९७४ चा लेख उघडला आहे? क्नुथ त्यात म्हणतात की ९७ टक्के वेळा बारीकसारीक वेगाचा विचार सोडून द्या, पण उरलेल्या निर्णायक ३ टक्क्यांची संधी सोडू नका, आणि ते ३ टक्के कुठले हे मोजून ठरवा. त्याच लेखात ते असंही म्हणतात की इतर इंजिनिअरिंग शाखांमध्ये सहज मिळणारी १२ टक्क्यांची सुधारणा कोणी किरकोळ मानत नाही. आमच्या ८२७ खेपांच्या ३ झाल्या. ही १२ टक्क्यांची गोष्ट नाही. मोजायला सांगणाऱ्या माणसाचं नाव न मोजण्यासाठी वापरायचं, याला काय म्हणावं?

दुसरा: सर्व्हर स्वस्त आहेत, इंजिनिअर महाग आहेत. कोणासाठी स्वस्त? बिल कंपनी भरते, ती ते गिऱ्हाइकाकडून घेते, आणि आमच्या बाबतीत ते गिऱ्हाईक शेवटी लिटरमागे पैसे मोजणाऱ्या माणसापर्यंत जातं. शिवाय मोठा सर्व्हर आणून खेपा कमी होत नाहीत. वाढप्याला स्केट्स घालून दिल्या तरी तो चारशे वेळाच आत जाणार.

तिसरा: कॅश टाकू. म्हणजे पानाची एक तयार प्रत बाजूला ठेवायची आणि तीच दाखवायची. पण मामांनी आत्ता घातलेलं दूध त्या प्रतीत नाही. मग जुनी प्रत कधी फेकायची याचे नियम. मग त्या नियमांतले बग. एका सरळ चुकीवर दुसरी, जास्त वाकडी चूक चढवायची आणि तिला आर्किटेक्चर म्हणायचं.

चौथा: क्यूए बघेल. क्यूएची मुलगी तिच्या लॅपटॉपवर बारा सभासदांचं पान उघडते. तिला काय दिसणार? जे डोळ्यांना दिसत नाही ते मोजून बघायचं असतं, आणि मोजायचं काम मशीनला द्यायचं असतं.

पाचवा, खरा आक्षेप, जो कोणी मोठ्याने बोलत नाही: याचं कौतुक होत नाही. रात्री दोनला सर्व्हर उठवणाऱ्याला पिझ्झा मिळतो. ज्याच्या टेस्टमुळे सर्व्हर पडलाच नाही त्याला विचारतात, तू दोन तास कशात घालवलेस?

ही सवय आपल्याला लागते कुठे? माझ्यापुरतं सांगतो. डिग्रीला डीबीएमएस हा विषय होता. तिसरा नॉर्मल फॉर्म, बॉइस-कॉड नॉर्मल फॉर्म, व्याख्येला दोन मार्क, उदाहरणाला चार. जर्नल एकाने लिहिलं, साठ जणांनी उतरवलं, ओरलला सरांनी फुल फॉर्म विचारले. चार वर्षांत एकदाही कोणी एक लाख ओळींचं टेबल समोर ठेवून म्हणालं नाही, की ही क्वेरी चालव आणि किती वेळ लागतो बघ. कॉडचं नाव पाठ झालं. त्याने १९७० साली काय मांडलं ते कळलं नाही. डेटा हा संच आहे, त्याला एकदाच, अख्ख्या संचाबद्दल विचारा, कसं शोधायचं ते डेटाबेस बघेल, हा त्या विचाराचा गाभा. लूपमध्ये एकेक ओळ मागणं म्हणजे त्या गाभ्याकडेच पाठ फिरवणं.

मग नोकरीचे इंटरव्ह्यू. तिथे आपण फळ्यावर बिग ओ लिहितो, एन वर्ग असलेलं उत्तर एन लॉग एनवर आणतो, पॅकेज ठरतं. आणि पहिल्याच सोमवारी लूपमध्ये क्वेरी टाकतो. इंटरव्ह्यूत जो लूप दिसला असता तो इथे दिसत नाही, कारण फ्रेमवर्कने त्यावर सुंदर चादर घातलेली असते. फ्रेमवर्कला मी दोष देत नाही. चादर उचलून बघायची जबाबदारी आमचीच होती.

इथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण माझी दुसरी चूकही सांगतो, कारण ती लपवली तर मी त्या नेटच्या बहाण्यावरच परत आलो असं होईल.

त्या सकाळनंतर मी पान दुरुस्त केलं. जँगोत प्रीफेच रिलेटेड म्हणून सोय आहे: सगळ्या सभासदांची सगळी संकलनं एकाच खेपेत आणते. उचलींसाठी तशीच दुसरी. शेवटचं संकलन मग मी पायथॉनमध्येच निवडलं. ८२७ च्या ५ खेपा झाल्या. टेस्ट लिहिली, हिरवी झाली. मी खूश.

पान तरी रखडतच होतं. कारण मला प्रत्येकाचं फक्त शेवटचं संकलन हवं होतं आणि मी अख्खा इतिहास मागवत होतो. दिवसाला दोन वेळा, दोन वर्षं, ४१२ सभासद. रोज सगळे येतात असं धरलं तर सहा लाखांच्या वर ओळी. वाढपी आता एकदाच आत जात होता, पण येताना अख्खं कोठीघर डोक्यावर घेऊन येत होता. खेपा मोजणाऱ्या टेस्टला त्यात काही वावगं दिसलं नाही.

शेवटी ते काम डेटाबेसकडे दिलं. सबक्वेरी लिहिली, सभासद आणि तारीख मिळून इंडेक्स टाकला. ३ खेपा, ४१२ ओळी. पान ५० मिलिसेकंदांच्या आत आलं. त्याच २० कनेक्शनांवर आता सेकंदाला ४०० पानं निघू शकत होती.

म्हणून स्पष्ट सांगतो: खेपा मोजणारी टेस्ट सगळं पकडत नाही. इंडेक्स नसलेली एकच क्वेरी अख्खं टेबल चाळत असेल तर ती खेप एकच मोजली जाते. टेस्टमध्ये एक्सप्लेन चालवून इंडेक्स वापरला का ते बघावं, तर बारा ओळींच्या टेबलावर पोस्टग्रेस इंडेक्सला हातही लावत नाही, कारण बारा ओळी सरळ वाचणंच स्वस्त असतं. त्यासाठी खऱ्या सर्व्हरवर पोस्टग्रेसचं पीजी स्टॅट स्टेटमेंट्स चालू ठेवावं लागतं, ठरावीक वेळेपेक्षा रेंगाळणाऱ्या क्वेरी लॉगमध्ये पडतील अशी सेटिंग करावी लागते आणि ते लॉग कोणीतरी वाचावे लागतात. पण "टेस्ट सगळं पकडत नाही" हे "टेस्ट नको" यासाठीचं कारण होत नाही. हेल्मेट घालून गुडघे फुटतात, म्हणून कोणी हेल्मेट काढून ठेवत नाही. आणि मी आजवर इतरांच्या कोडमध्ये जी मंद पानं पाहिली, त्यांत ही पंगतीची चूकच सगळ्यात जास्त वेळा होती. सगळ्यात नेहमीची चूक सगळ्यात स्वस्त उपायाने पकडता येते, आणि आपण ती पकडत नाही. यालाच मी आळस म्हणतो.

गेल्या दिवाळीत मामांना खरं सांगितलं. तो नेटचा प्रॉब्लेम नव्हता, माझाच होता. लूप, क्वेरी वगैरे नाही, पंगतीचीच गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले,

"आमची किटली डेअरीत गेली की आधी फॅट लावत्यात. यसनेफ बघत्यात. रोज दोन टाइम. तीस वर्सं दूध घालतोय, पर ह्यो वळखीचा हाय म्हणून कोण तसंच वतून घेत न्हाई. तुमच्यात तपासत न्हाईत व्हय?"

मी म्हणालो, "तपासतो मामा. हेच तेवढं तपासत नव्हतो."

मामांच्या पाच लिटरला जी शिस्त आहे ती माझ्या कोडला नव्हती. माझा पगार आणि त्यांचं दुधाचं बिल शेजारी ठेवलं की हे वाक्य अजून वाईट दिसतं, म्हणून ठेवत नाही.

तुम्ही कोड लिहीत असाल तर उद्या एक करा. तुमच्या ॲपमधलं सगळ्यात जास्त उघडलं जाणारं यादीचं पान घ्या आणि त्यासाठी दोन आणि बारा ओळींची ही टेस्ट लिहा. तासाभराचं काम आहे. लाल झाली तर तो तास वसूल झाला. हिरवी झाली तर ती राहू द्या, सहा महिन्यांनी कोणीतरी नवीन मुलगा त्या पानावर एक निरागस ओळ टाकेल, तेव्हा ती त्याला अडवेल. रिव्ह्यू करत असाल तर लूप दिसला की विचारा, खेपा किती? टीम चालवत असाल तर रात्री दोनच्या पिझ्झ्याबरोबर त्या टेस्टलाही एकदा पिझ्झा द्या.

आणि तुम्ही कोड लिहीत नसाल तर एवढंच: पुढच्या वेळी चक्र फिरायला लागलं आणि कोणी "नेटचा प्रॉब्लेम असेल" म्हणालं, तर लगेच विश्वास ठेवू नका.